चाळीस वर्षांवरील महिला गट

आवडाबाई साळुंके हरल्या, एवढी गोष्ट खरी आहे. पण का हरल्या याबद्दल बजाजनगरात एक सांगितलं जातं आणि वैजापुरात दुसरंच, आणि वैजापूरचं सांगणं साफ खोटं आहे. मी आवडाबाईंच्या मेसचा डबा खाणारा माणूस असल्यामुळं माझी साक्ष कुणी धरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो. निदान जेवण उरकून सांगतोय.

बाई सेहेचाळीस वर्षांच्या. नवरा गोकुळ वाळूजच्या एका कंपनीत फिटर. मवाळ माणूस, चहात साखर कमी पडली तर स्वतःच उठून घेतो आणि घेताना कुणी पाहत नाही ना, ते पाहतो. मुलगी अपेक्षा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. बाई रोज चाळीस डबे करतात. ज्वारीच्या भाकरी थापून थापून मनगटं अशी झालीत की गल्लीत कुणाच्या बरणीचं झाकण अडकलं तर बरणी आवडाबाईंकडं येते.

या घरावर हुकूम मात्र चालतो वैजापूरहून. गोकुळचे चुलते तात्यासाहेब तिथं राहतात. शेती आहे, पण खरा धंदा मिटवामिटवीचा. बांधाचं भांडण असो, पाण्याच्या पाळीचं असो, नवरा-बायकोचं असो, लोक तात्यांना नेतात. तात्या दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं नुकसान करून देतात. दोघंही तोंड पाडून उठले की न्याय झाला असं समजायचं. आपल्या हयातीत आपल्यासमोर एकही भांडण शेवटाला गेलं नाही, असं ते अभिमानानं सांगतात. सव्वीस वर्षांपूर्वी आवडाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, की साळुंक्यांच्या घरात बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत राहतो. तेव्हापासून बाई इतक्या हळू बोलायच्या, की भाजीवालीला दोनदा विचारावं लागायचं, पावशेर म्हणालीस का अर्धा किलो.

आता कराटे. गेल्या वर्षी महिला दिनाला आमच्या मैदानावर दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं. पहिल्या दिवशी दोनशे बायका. पाहुण्यांनी नारीशक्तीवर पाऊण तास भाषण केलं आणि फोटोसाठी हवेत एक ठोसा मारला. फोटो हलला म्हणून तोच ठोसा चार वेळा मारावा लागला; पाचव्यांदा त्यांनी खांदा धरला. तिसऱ्या दिवशी नऊ बायका आल्या. सहाव्या दिवशी एकट्या आवडाबाई.

शिकवणारा सत्यम नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा. त्याला वाटलं, काकू डब्याचं काही विचारायला थांबल्यात. बाईंनी विचारलं ते वेगळंच. ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असं तो शिकवत होता, तर किती मोठ्यानं ओरडायचं? सत्यम म्हणाला, जमेल तेवढ्या. हे परवानगीपत्र बाईंना सव्वीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्या ओरडल्या. मैदानाबाहेरच्या पाणीपुरीवाल्याच्या हातातली पुरी फुटली, असं तो सांगतो. त्याच्या पुऱ्या तशाही फुटतात. पण आवाज माझ्या गॅलरीपर्यंत आला होता, हे मी शपथेवर सांगेन.

शिबिर संपलं, बाई थांबल्या नाहीत. संध्याकाळचे डबे गेले की पांढरा पोशाख घालून मैदानावर. बाकीचे विद्यार्थी नऊ-दहा वर्षांचे. सत्यमला त्या ‘सर’ म्हणायच्या, तो त्यांना ‘काकू’ म्हणायचा, आणि पोरं त्यांच्या पिशवीतल्या चिक्कीकडं बघत सगळं सहन करायची. आठ महिन्यांत बाईंना पिवळा पट्टा मिळाला. पट्ट्याची गाठ रोज गोकुळ बांधून द्यायचा, दार लोटून घेऊन.

मग स्पर्धा आली. खुली कराटे स्पर्धा, बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात. अलीकडं या स्पर्धांत इतके गट असतात, की रिकाम्या हातानं घरी जायला विशेष मेहनत लागते. आठ वर्षांखालील पंचवीस किलोंतले, सव्वीस किलोंतले. एका गटात एकच पोरगं आलं तर ते स्वतःला हरवून सुवर्णपदक घेतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात. शेवटचा गट होता चाळीस वर्षांवरील महिला. त्यात नावं दोनच. आवडाबाई म्हणाल्या, दोन तर दोन, पण एक लढत तरी होईल. आयुष्यात एक लढत शिट्टी वाजल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत पुरी लढायची, एवढीच त्यांची मागणी. जिंकण्याचं त्या बोललेल्या मला आठवत नाही.

गोकुळनं आनंदाच्या भरात स्पर्धेचं पत्रक सत्यमच्या ग्रुपवर पाठवण्याऐवजी ‘साळुंके परिवार’ ग्रुपवर टाकलं. चूक लक्षात येईपर्यंत तेवीस जणांनी पाहिलं होतं आणि तात्यासाहेबांनी ‘येतो’ असं लिहिलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मीही गेलो. डबा बंद होता, मग करणार काय. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी लग्न, त्यामुळं एका बाजूला पोरांच्या लाथा आणि दुसऱ्या बाजूला मांडववाल्यांची झेंडूची तोरणं. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले, तोवर पोरं ओळीत उभी राहून वाकायचा सराव करत होती. कपडे बदलायला दोनच खोल्या: लढतीपुरता लाल पट्टा लावणाऱ्यांना वधू कक्ष, निळ्यांना वर कक्ष. आवडाबाई लाल. अपेक्षा आईला वधू कक्षात सोडून पुढच्या रांगेत व्हिडिओची तयारी करत बसली.

तात्यासाहेब डोक्यावरची पांढरी टोपी नीट करून तिसऱ्या रांगेत धोतर सावरून बसले. शेजारी एक गृहस्थ. तात्यांना शेजारचा माणूस पाच मिनिटांच्या वर अनोळखी ठेवता येत नाही.

“पाव्हणे, गाव कंचं?”

गृहस्थ म्हणाले, फर्दापूर. नाव कडूबा मतसागर. अजिंठा बघायला येणाऱ्यांसाठी छोटं हॉटेल. कडूबांची मेव्हणी लासूरला दिलेली, तिच्या जावेचं माहेर वैजापूर, आणि त्या माहेरचा बांध तात्यांच्या बांधाला लागून. नातं सापडल्यावर दोघांनी पुन्हा एकदा, आता पाव्हणे म्हणून, नमस्कार केला. मग पोरांची चौकशी. कडूबांचा शिवराज शेंद्र्याला इंजिनियर, लग्नाचा. तात्यांनी पुढच्या रांगेतल्या अपेक्षाच्या पाठीकडं बोट केलं. कडूबांनी पाठ पाहिली आणि पसंत केली. कुळी विचारून झाली, देवक विचारून झालं, जमिनीचा विषय दोघांनी अदबीनं काढला आणि अदबीनं मिटवला. अर्ध्या तासात स्थळ ठरलं. मुलगी आठ हातांवर बसली होती आणि मुलगा पंधरा किलोमीटरवर ड्यूटीवर होता, पण त्या दोघांना विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एवढं झाल्यावर तात्यांनी सहज विचारलं, तुमचं इथं कोण आहे खेळायला. कडूबा जरा अडखळले. मग म्हणाले, घरातलंच माणूस. तात्याही अडखळले, म्हणाले, आमचंही तसंच. दोघांनी एकदमच समोरच्या फळ्याकडं पाहिलं. तिथं शेवटच्या ओळीत खडूनं लिहिलं होतं: आवडाबाई साळुंके विरुद्ध चंपाबाई मतसागर.

तात्यांचा चेहरा मी पाहत होतो. बांधाच्या भांडणात कुऱ्हाड निघाली तरी तो चेहरा हलत नाही. त्या दिवशी हलला. मुलीची आई वरमाईला मारणार, आणि तेही भर मांडवात.

तात्या उठले आणि आयोजकांच्या टेबलाशी गेले. तोडगा तयार होता. सुवर्णपदक मुलाकडच्यांना, रौप्य मुलीकडच्यांना, लढत नको, दोघींचा एकत्र फोटो. वर मुलीकडून वरमाईला एक साडी, ती तात्या स्वतः आणतील. आयोजकांना मांडववाले हॉल रिकामा करा म्हणून टोचत होतेच. ते म्हणाले, उत्तम, फक्त दोघींच्या सह्या आणा. सत्यम काहीतरी बोलू पाहत होता, काकूंनी आठ महिने वगैरे. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, तुझं लग्न झालंय का बाळ. नाही म्हटल्यावर विषय संपला.

मग तात्या वधू कक्षाच्या दाराशी जाऊन खाकरले आणि बाहेरूनच सगळं सांगितलं. मी पाण्याच्या जारशी उभा होतो. तहान होतीच, पण एवढी नव्हती.

आतून आवाज आला, “पण तात्या, आजच तर लढत हाय माझी.”

“सूनबाई, लेकीची आई हाय तुम्ही. वरमाईला लाथ मारणार?”

“लाथ नाय मारत. गुडघा दुखतो. ठोसाच मारते मी.”

“ते एकच.”

“एक नाय तात्या. लाथेला जास्त गुण असतात.”

तात्या म्हणाले, सही करा. आतून ‘व्हय’ आलं, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, हळू. तात्या समाधानानं परतले. सही बाईंनी केली नाही. दार उघडलं, आणि पांढऱ्या पोशाखातल्या आवडाबाई स्टेजच्या मागून चालत थेट वर कक्षात गेल्या. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं, म्हणून खरं मानतो.

चंपाबाई आत खुर्चीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. पन्नाशीच्या, अंगानं आडव्या, हॉटेलचे हंडे एकटीनं उतरवणाऱ्या. कडूबांनी त्यांना आधीच कळवलं होतं की तुम्ही जिंकलात. त्यांचं तोंड त्यानंच उतरलं होतं.

आवडाबाई म्हणाल्या, “मी सोडून देणार नाय. तुम्ही काय करणार?”

“सहा महिने पोरांच्या लाथा खाल्ल्या मी,” चंपाबाई म्हणाल्या. “न लढता पदक घेऊन गेले, तर फर्दापुरात काय दाखवू, सही?”

“मग मारायचं.”

“मारायचं. पण उजव्या कुशीत नका मारू, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय.”

“नाय मारत. माझ्या डाव्या खांद्याला तेवढं जपा, उद्या चाळीस डबे हायेत.”

असा करार झाला. कुठल्याही सोयरिकीत इतक्या सरळ बोलीनं देणंघेणं ठरलेलं मी पाहिलं नाही.

दोघी एकदमच बाहेर आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत चटईवर उभ्या राहिल्या. पंच म्हणजे एक तरुण पोरगी. तिला सोयरीक वगैरे माहीत नव्हतं, तिनं दोघींना वाकायला लावलं आणि शिट्टी दिली. दोन मिनिटांची लढत. पहिली दहा सेकंद दोघी नुसत्या गोल फिरल्या. मग आवडाबाई ओरडल्या आणि पुढं झेपावल्या. तोरणं बांधणारा माणूस शिडीवरून एक पायरी खाली आला. ठोसा चंपाबाईंच्या छातीवर, नियमात, एक गुण. कडूबा ‘अहो’ म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

चंपाबाईंनी लगेच परत केला. मग रीतसर देवाणघेवाण सुरू झाली. हॉलमधली पोरं शेवटी जागी झाली; दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी खरं लढत होतं. गोकुळ अंगात पँट असताना दोन्ही हातांनी नसलेलं धोतर सावरत होता. तीन-तीन बरोबरी. पंधरा सेकंद बाकी. आवडाबाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते त्यांच्या लग्नाच्या फोटोत नाही.

बरोबरी म्हटल्यावर तात्यासाहेबांना राहवेना. असा सुंदर तोडगा आपोआप तयार झालेला, आणि वाया जाणार. ते उठून चटईच्या कडेला आले, आवडाबाईंच्या अगदी समोर, खाकरले आणि इथंच थांबवा अशी हातानं खूण केली.

आता पाहा. सव्वीस वर्षं चुलत सासरे समोर उभे राहिले की बाईंचा उजवा हात डोक्यावर पदर घ्यायला जातो. तो हात विचारून जात नाही. त्या क्षणीही गेला. डोक्यावर पदर नव्हता, अंगात साडी नव्हती, पण हात कानाच्या वर जाऊन नसलेलं टोक ओढायला लागला. ठोशाला छाती सताड मोकळी. चंपाबाईंचा ठोसा त्याआधीच निघालेला होता. तो येऊन बसला. पंचाचा हात वर गेला. चार-तीन. शिट्टी.

आवडाबाई हरल्या. दम खात दोघी वाकल्या आणि मग गळ्यात पडल्या. त्या वेळी बाई खूश होत्या, हे मी स्पष्ट सांगतो. पुरी लढत मिळाली होती.

ती खुशी तात्यांनी सात मिनिटं टिकू दिली. बक्षीस देताना त्यांनी माईक हातात घेतला.

“मंडळी,” ते म्हणाले, “आमच्या सूनबाईला जिंकता येत होतं. पण समोर वरमाई. ऐन वेळेला माउलीनं डोक्यावर पदर घेतला, मान राखला आणि स्वतःहून हार घेतली. याला संस्कार म्हणतात.”

हॉलनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी हात वर गेलेला पाहिला होता, त्यामुळं पुरावा पक्का. चंपाबाई पदक धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आपण जिंकलो की आपल्याला जिंकवलं, हे त्यांनाही आता कळेना.

आठवड्यात वैजापूरच्या चौकात फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘हारूनही जिंकल्या’, मधोमध तात्यासाहेबांचा फोटो, त्याहून मोठे त्यांचे हात जोडलेले, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट एवढ्या आवडाबाई. दोन महिला मंडळांनी शाल दिली. बाई प्रत्येक ठिकाणी सांगत राहिल्या, की मी मुद्दाम हरले नाही, मला ठोसा बसला, तात्या मधे आले म्हणून हात चुकला. बायका एकमेकींकडं बघून म्हणायच्या, बघा मोठेपणा, अजून कबूल करत नाही. जितकं नाकारावं तितका संस्कार वाढायचा. मी स्वतः चार ठिकाणी खरं सांगितलं, तर डब्याला जागतो म्हणून माझंही कौतुक झालं.

दरम्यान अपेक्षा आणि शिवराज निराला बाजारात कॉफी प्यायला गेले आणि तासाभरानं दोघंही सारखाच निरोप घेऊन परतले: नको. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं नको. म्हणजे ज्या वरमाईचा मान राखला म्हणतात ती वरमाईच राहिली नाही. तात्यांच्या गोष्टीत त्यानं काडीचा फरक पडला नाही. ते आता म्हणतात, सोयरीक मोडली तरी सूनबाईंनी मान मोडला नाही. चंपाबाई आणि आवडाबाई मात्र अजून एकमेकींना विहीणबाई म्हणतात आणि फोनवर तासन्‌तास ठोशांबद्दल बोलतात.

अशाच एका फोनवर चंपाबाई म्हणाल्या, तुम्ही खरंच सोडलं होतं का, खरं सांगा. त्या दिवशी बाई डब्यात मीठ विसरल्या. चाळीसही डब्यांत.

संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात एक पांढरी टोपी.

“काका, मैदानावर या. माझ्यासमोर उभं राहायचं. टोपी घालून.”

मी विचारलं, आणि करायचं काय. तर म्हणाल्या, “काय नाय. मी लढायला लागले की खाकरायचं.”

असा मी या वयात कराट्यात शिरलो. मी तसा निरुपद्रवी रिटायर माणूस. माझ्यासमोर आजवर कुणी पदर घेतला नाही. टोपी चढवून, धोतर नेसून, चेहरा गंभीर करून उभा राहिलो. सत्यमनं ठोसा काढला, मी खाकरलो, आणि बाईंचा हात गेला वर. पहिल्या आठवड्यात रोज जायचा. पोरं मोजायची आणि हसायची. बाई हसायच्या नाहीत. पुन्हा म्हणायच्या, आणि मी पुन्हा खाकरायचो. दुसऱ्या आठवड्यात माझा घसा बसला, तेव्हा त्यांनी काढा पाठवला, सुट्टी दिली नाही. तिसऱ्या आठवड्यात हात खांद्यापर्यंत येऊन थांबायला लागला. चौथ्यात हनुवटीपर्यंत.

सिल्लोडला पुढची स्पर्धा जाहीर झाली. दोघींनी नावं दिली, गट तोच. ही बातमी वैजापूरला पोचली आणि गेल्या शनिवारी तात्यासाहेब मिटवायला आले. घरी कुणी नाही म्हटल्यावर मैदानावर. मी आपला टोपी घालून माझ्या जागेवर उभा होतो. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि खाकरले. आमच्या दोघांच्या खाकरण्यात किती फरक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पोरं मोजायचं विसरली. सत्यम क्षणभर थांबला, मग त्यानं मन घट्ट करून ठोसा काढलाच.

आवडाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली. मी पाहिली. पण हात छातीसमोर होता तिथंच राहिला. त्यांनी ठोसा अडवला, मैदान दणाणेल असं ओरडून आपला ठोसा सत्यमच्या छातीवर बसवला, आणि मान न वळवता म्हणाल्या, “तात्या, बसून घ्या. मागच्या पोरांना दिसत नाय.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं पाहिलं. मी मुकाट्यानं आधी बसलो.